रोज घरी परतणारी मुलं

सून घरात शिरली तेव्हा तिच्या शर्टाची बाही खांद्यापाशी उसवली होती आणि मनगटाच्या वर दातांचे व्रण उमटले होते. मी पोळ्या लाटत होते, ती लाटणं हातात घेऊनच दाराशी धावले. “अगं बाई, हे काय करून आलीस?” तर ती हसत होती, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले होते. “आई, सकाळी चावला तो. पण दुपारी व्हॅनमध्ये बसायच्या आधी परत फिरला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, मी पिवळ्यातून लालमध्ये चाललोय हे मला कळलं होतं, फक्त थांबता आलं नाही. आई, त्याला आधी कळलं होतं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा!”

मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पिवळं काय, लाल काय, आणि चावणाऱ्या मुलाचं हिला कौतुक कसलं? हळद लावते म्हटलं तर म्हणाली, शाळेतल्या नर्सनं सगळं केलंय. मग आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून जे बोलायला लागलो ते मुलगा ऑफिसातून आला, जेवणं झाली, नात झोपली, तरी संपेना. पोळ्या त्या रात्री पाचच झाल्या.

तेव्हापासून माझं दुसरं काही चाललेलं नाही. वाचनालयातून पुस्तकं आणते, सुनेला झोपू देत नाही, फिरायला गेलं की भेटेल त्या मराठी माणसाला थांबवून सांगते. आता तुम्हालाही सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझा मुलगा शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. ऑगस्टमध्ये मी इथं आले त्याच सुमारास सुनेनं नवी नोकरी धरली होती, एका शाळेत साहाय्यक शिक्षिकेची. इथं त्यांना सगळे ‘पॅरा’ म्हणतात. शाळा कसली, तर थेरप्यूटिक डे स्कूल. मी ३१ वर्षं सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्राचा पेपर दिला, उन्हाळी सुट्टीतली प्रशिक्षणं केली, आणि हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. उपचार आणि शाळा, एकाच छपराखाली! आपल्याकडे शाळा शाळेच्या जागी आणि डॉक्टर डॉक्टरांच्या जागी. मधल्या रस्त्यावर मूल एकटं.

इथं काय होतं ते बघा. ज्या मुलांना साध्या शाळेत बसताच येत नाही, राग आला की बाक उलटवतात, पळून जातात, मारतात, किंवा याच्या अगदी उलट, भीतीनं महिनोन् महिने शाळेचं दार ओलांडत नाहीत, स्वतःलाच इजा करून घेतात, वर्गात असूनही नसतात, अशी मुलं सकाळी आपापल्या घरी आपल्या अंथरुणात उठतात, दारात छोटी बस नाहीतर व्हॅन येते, आणि ती या शाळेत येतात. इथं गणित आहे, विज्ञान आहे, इतिहास आहे, परीक्षा आहेत. पण वर्गात आठच मुलं, त्यांच्यापाशी एक शिक्षिका आणि दोन पॅरा. भिंतीपलीकडे थेरपिस्ट, सोशल वर्कर, नर्स, ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आठवड्यातून ठरलेले तास एकट्याचं समुपदेशन, शिवाय गटाचं, शिवाय घरच्यांबरोबरचं. आणि हे सगळं ‘गुरुवारी चारला या’ असं नाही हो! भूगोलाच्या तासाला मुलाचं बिनसलं तर भूगोलाच्याच तासाला त्याचा माणूस दारात हजर. दुपारी अडीच-तीनला शाळा सुटते आणि मूल घरी जातं. रोज. आईच्या हातचं जेवतं, भावंडांशी भांडतं, आपल्या कुत्र्याला फिरवतं. त्याला आपल्या माणसांतून उचलून कुठं नेऊन ठेवलेलं नसतं.

मला या ‘रोज घरी’चं महत्त्व पहिल्या रात्री लक्षात आलं नव्हतं. ते पुस्तकं वाचताना कळलं, आणि कळलं तेव्हा मी वाचनालयाच्या खुर्चीत सरळ होऊन बसले.

कारण एके काळी अशा मुलांपुढं दोनच वाटा होत्या. घरी कोंडून ठेवणं, नाहीतर मनोरुग्णालयात किंवा दूरच्या निवासी संस्थेत पाठवणं. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये १९५३ साली कार्ल फेनिकेल नावाच्या माणसानं ‘लीग स्कूल’ काढलं ते हीच वाट मोडायला. शाळांनी आणि दवाखान्यांनी हात टेकलेली मुलं त्यानं दिवसा शाळेत घेतली आणि संध्याकाळी घरी पाठवली. आणि पुढचं तर मला फार भावलं. त्या काळच्या मनोविश्लेषणाच्या प्रभावाखाली सुरुवातीला त्यांना वाटायचं की मुलाला मोकळं सोडावं, मनात साचलेलं सगळं बाहेर पडू द्यावं, म्हणजे ते बरं होईल. मुलांनीच त्यांना शिकवलं की आतमध्ये एवढा गोंधळ असताना बाहेरही गोंधळ असला तर मूल आणखी घाबरतं. त्याला हवं असतं ठरलेलं वेळापत्रक, ठरलेली जागा, आणि ‘इथपर्यंतच’ असं मायेनं सांगणारं कुणीतरी. फेनिकेलनं आपलं मत बदललं आणि तसं मोकळेपणानं लिहिलंही. म्हणजे बरं करण्याचं काम तासानं केलं, फळ्यानं केलं, घंटेनं केलं! आम्ही मास्तर लोक ज्या गोष्टी रोज हाताळतो त्याच!

त्याच्याही आधी डेट्रॉइटमध्ये फ्रिट्झ रेडल होता. व्हिएन्नाहून आलेला. १९४६ साली त्यानं ‘पायोनियर हाउस’ नावाचं छोटं घर काढलं, अतिशय आक्रमक अशा मोजक्या मुलांसाठी. पैशांअभावी ते दोन वर्षांतच बंद पडलं, पण त्या दोन वर्षांतून त्यानं आणि डेव्हिड वाइनमननं दोन पुस्तकं लिहिली, आणि पुढं रेडलनं एक युक्ती मांडली जी आज माझी सून रोज वापरते. मूल भडकलं, शांत झालं, की जिथं घडलं तिथंच, त्याच दिवशी, त्याच्याशी बोलायचं. घटना त्याच्याकडूनच क्रमानं सांगून घ्यायची. आधी काय झालं, मग तुला काय वाटलं, अंगात कुठं वाटलं, मग तू काय केलंस, पुढच्या वेळी कुठल्या वळणावर थांबता येईल. चार दिवसांनी डॉक्टरांच्या खोलीत बसून त्याच घटनेबद्दल विचारलं तर ते मूल खांदे उडवतं. घटनेच्या जागी, घाम वाळायच्या आत विचारलं तर ते सांगतं. हे वाचल्यावर मला तो चावणारा मुलगा समजला. व्हॅनच्या आधी तो जे बोलला ते एवढ्या दिवसांच्या अशा बोलण्यातून वर आलेलं वाक्य होतं.

आणि पिवळं-लाल? ते चार रंग लिया कायपर्स या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या २०११ सालच्या पद्धतीतले. निळा म्हणजे मरगळ, उदासी, हिरवा म्हणजे शांत आणि तयार, पिवळा म्हणजे आत काहीतरी उसळायला लागलंय, लाल म्हणजे ताबा सुटला. यातला कुठलाच रंग वाईट नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात. सकाळी प्रत्येक मूल आपला रंग सांगतं. शिक्षिकाही सांगते! “मी आज पिवळी आहे, रात्री झोप झाली नाही,” असं एका शिक्षिकेनं आठ मुलांसमोर म्हटलं आणि त्यातला एक जण दिवसभर तिच्याशी हळू आवाजात बोलला, असं सून सांगत होती. मी ३१ वर्षांत वर्गाला माझा रंग कधी सांगितला नाही. सांगायचा असतो हेच माहीत नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये शाळेत घरच्यांसाठी दुपार ठेवली होती, मुलांनी केलेली चित्रं, लाकूडकाम, वाफ्यातली भाजी बघायला. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. दारातच एका कागदावर सही घेतली की इथं दिसलेल्या कुठल्याही मुलाची ओळख मी बाहेर सांगणार नाही. म्हणून पुढं जे सांगते त्यात कुणाचं वय, रूप, गाव काही येणार नाही.

बाहेरून ती इमारत एखाद्या पतपेढीसारखी, साधी, बसकी, विटांची. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवला तो आवाज. म्हणजे आवाज नसणं. मोठी माणसं कमरेला वॉकीटॉकी लावून फिरत होती, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. घंटाही कानठळ्या बसवणारी नव्हती. वर्गात आठ बाक, आणि प्रत्येक बाकावर एक छापील कागद, ‘पॉइंट शीट’. प्रत्येक तासाला मूल आणि शिक्षिका मिळून त्यावर गुण लिहितात. गुण गणिताचे नाहीत, स्वतःला आणि दुसऱ्याला सांभाळून तो तास कसा गेला त्याचे. गुण साठले की शाळेच्या छोट्या दुकानात वस्तू मिळते, वरच्या पायरीवर गेलं की मोकळीक वाढते. मला आवडलं ते असं की एक तास वाया गेला तरी पुढचा तास कोऱ्या रकान्यानं सुरू होतो. सकाळी चावलेलं मूल दुपारी चित्रकलेत पूर्ण गुण घेऊ शकतं. आमच्याकडे सकाळचा गुन्हा संध्याकाळपर्यंत पुरायचा, आणि कधी कधी वर्षभर.

एका खोलीत दिवे मंद. झोका टांगलेला, गाद्या, मोठमोठ्या पिशव्यांसारखी बैठक, आणि घडी घालून ठेवलेली जाड पांघरुणं. मूल फार बेचैन झालं की इथं येऊन बसू शकतं, त्यासाठी बाकावर एक कार्ड असतं, ते नुसतं दाखवायचं, कारण सांगावं लागत नाही. मी एक पांघरूण उचलायला गेले तर उचलेना. आत बारीक मणी शिवून त्याला मुद्दाम वजन दिलेलं असतं, अंगावर भार आला की काही मुलांचं शरीर शांत होतं म्हणे. मी तिथंच ते मांडीवर घेऊन बसले. अहो, ही तर गोधडी! माझ्या आजीनं जुन्या नऊवारीचे थरावर थर घालून टाचलेली, तापात अंगावर घातली की हलताही येऊ नये अशी. सून म्हणाली, “आई, उठा, पुढं जायचंय.” मला उठवेना.

आणि मग ते घडलं, जे मी विसरू शकत नाही.

चित्रं लावलेल्या दालनात गर्दी झाली होती. कुणाच्या तरी आजोबांनी एका चित्राला बोट लावलं. त्यापाशी उभं असलेलं मूल किंचाळलं, टेबलावरचे कागद खाली फेकले आणि टेबलाखाली शिरून गुडघ्यांत डोकं घालून बसलं. मी घड्याळात बघितलं, का कुणास ठाऊक, शिक्षकी सवय. एक कर्मचारी आला. त्यानं कागद उचलले नाहीत. टेबलाखाली वाकून बघितलं नाही. “बाहेर ये” म्हटलं नाही. तो दोन-तीन हातांवर जमिनीवर बसला, मुलाकडं तोंड करून नाही, बाजूला वळून, भिंतीला पाठ लावून, पाय पसरून. बस्स. दुसऱ्या बाईंनी पाहुण्यांना हळूच पलीकडच्या खोलीत वळवलं, कुणीही “काय झालं” विचारलं नाही. तीन मिनिटं झाली. चार. टेबलाखालून लाथ आली, टेबल हललं. तो हलला नाही. मग त्यानं फक्त एवढंच म्हटलं, “मी इथंच आहे.” पुन्हा गप्प. सहाव्या मिनिटाला त्यानं पाण्याची बाटली जमिनीवरून सरकवली, अर्ध्यावर. सातव्या मिनिटाला टेबलाखालून एक हात आला आणि बाटली आत गेली.

सात मिनिटं! मी माझ्या वर्गात कुठल्या मुलाला सात मिनिटं दिली होती? साठ मुलांच्या वर्गात सात मिनिटं कुठून आणायची हा प्रश्न खरा आहे, तो मी सुनेला विचारलाही. पण माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा साठ मुलं नव्हती. एकच होता.

१९९४ सालची गोष्ट. आठवीतला मुलगा. हुशार म्हणावा असा, तोंडी हिशेब क्षणात करायचा. वडील गेले त्या वर्षी त्याचं सगळं फिरलं. मागच्या बाकावरच्या पोराला कंपासपेटीनं मारलं, शिक्षकांना उलट बोलला, एकदा खिडकीची काच फोडून स्वतःचाच हात कापून घेतला. मी त्याची वर्गशिक्षिका. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. रोज. व्हरांड्यात, खांबापाशी, पावसाळा होता, अंगावर झड यायची. मला वाटायचं, उभा राहील आणि शहाणा होईल. मग पालकसभा, मग त्याची आई पदर तोंडाला लावून रडलेली, मग दिवाळीनंतर शाळा सोडल्याचा दाखला. कारणाच्या रकान्यात ‘पालकांच्या विनंतीवरून’. त्याच्या आईनं विनंती केली नव्हती. तो दाखला माझ्या हातचा लिहिलेला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून.

त्या दालनात भिंतीला टेकून बसलेल्या माणसाकडं बघताना मला कळलं की त्या मुलाला व्हरांड्यात एकटं उभं राहायला लावण्याऐवजी कुणीतरी त्याच्या शेजारी नुसतं उभं राहायला हवं होतं. त्याला बोलतं करायचीही गरज नव्हती लगेच.

मुलगा म्हणाला, आई, तू स्वतःला किती त्रास करून घेतेस, तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. पण ते खरं नाही ना! माहीत होतं. अमेरिकेत तर कायदा होता. त्यांच्या संसदेनं जेव्हा हिशेब मांडला तेव्हा दहा लाख अपंग मुलं शाळेच्या पूर्णपणे बाहेर होती, आणि म्हणून १९७५ च्या नोव्हेंबरात अध्यक्ष फोर्ड यांनी त्या कायद्यावर सही केली की अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला योग्य शिक्षण फुकट मिळालंच पाहिजे. त्या यादीत डोळे, कान, पाय यांच्या बरोबरीनं भावनिक अस्वास्थ्यही होतं. प्रत्येक मुलाची लेखी योजना करायची, पालकांना शेजारी बसवून. साध्या वर्गात थोडी मदत देऊन भागत असेल तर तिथंच, नाही भागलं तर वेगळा वर्ग, तरीही नाही तर अशी दिवसाची शाळा, आणि निवासी संस्था अगदी शेवटी. तिथल्या शालेय जिल्ह्यानं मुलाला अशा शाळेत पाठवायचं ठरवलं की फी आणि व्हॅनचा खर्च जिल्ह्याचा. आईबापांना एक डॉलर पडत नाही! मी हे तीनदा विचारून खात्री करून घेतली.

आणि खिडकीची काच? ऐका. सॅन फ्रान्सिस्कोत १९८० साली एका भावनिकदृष्ट्या अस्वस्थ मुलाला दुसऱ्यानं चिडवलं, त्यानं त्याचा गळा धरला, आणि मुख्याध्यापकांकडं नेत असताना लाथ मारून खिडकीची काच फोडली. शाळेनं त्याला काढायला घेतलं. ते प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जानेवारी १९८८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की जे वर्तन मुलाच्या अपंगत्वातूनच आलं आहे त्यासाठी शाळेला त्याला आपल्या मर्जीनं बाहेर काढता येणार नाही. दहा दिवस घरी बसवता येईल, त्यापुढं नाही. काच फोडणाऱ्या एका मुलासाठी देशाचं सर्वोच्च न्यायालय! माझा तो आठवीतला विद्यार्थी काच फोडून गेला तो त्यानंतर सहा वर्षांनी.

आपल्याकडे आज शिक्षणहक्क कायदा आहे. २००९ च्या त्या कायद्यानं आठवीपर्यंत कुणालाही शाळेतून काढता येत नाही, आणि शारीरिक शिक्षा, मानसिक छळ यांना बंदी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच आहे, मुंबईत ‘उम्मीद’ आहे, तिथं लहान मुलांसाठी जिवाभावानं काम चालतं. म्हणजे काढू नका हे आपण लिहून ठेवलं आहे. पण काढलं नाही आणि वर्गातही बसता येत नाही, अशा मुलानं सकाळी दहा ते पाच काय करायचं, याचं हे असं उत्तर मला माझ्या तालुक्यात कुठं दिसलं नव्हतं.

सगळं गोडच आहे असं नाही, तेही सांगायला हवं, नाहीतर मी सुनेशी बेइमानी करीन. याच इलिनॉय राज्यात २०१९ साली ‘शिकागो ट्रिब्यून’ आणि ‘प्रोपब्लिका’च्या पत्रकारांनी शाळांच्या नोंदी वाचून काढल्या. अस्वस्थ मुलांना छोट्या रिकाम्या खोल्यांत एकटं कोंडल्याच्या २०,००० हून अधिक घटना, जेमतेम सव्वा वर्षातल्या. त्या खोल्यांना नाव काय, तर शांत खोली. मुलं आत रडत होती, दार वाजवत होती, आणि बाहेर बसलेलं माणूस ते वेळ घालून लिहीत होतं. मी ते वाचताना पुन्हा तो व्हरांडा दिसला. २०२१ मध्ये राज्यानं कायदा करून कुलूपबंद कोंडणं आणि मुलाला पालथं दाबून धरणं थांबवलं. सुनेच्या शाळेत त्या जुन्या खोलीचं दार बिजागरीसकट काढून टाकलंय. तिथं आता रोपं ठेवतात. मी हात लावून बघितलं, चौकटीवर बिजागरीच्या स्क्रूची भोकं अजून आहेत.

आणि परतीची वाट! हे तर राहूनच गेलं होतं. मूल इथं कायमचं यावं असं कुणाला वाटत नाही. सावरलं की त्याला त्याच्या मूळ शाळेत आधी एकाच तासाला पाठवतात. त्याला आवडणाऱ्या विषयाच्या. बरोबर एक पॅरा, मागं लांब बसलेली. तो तास जमला की दोन, मग अर्धा दिवस. निकोलस हॉब्ज नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात ‘प्रोजेक्ट री-एड’ सुरू केला, तेव्हा तो असंच काहीतरी धरून होता. त्याच्या शाळांत मुलं आठवड्याचे पाच दिवस राहायची आणि सुट्टीला घरी जायची, कारण त्याचं म्हणणं होतं की आजार एकट्या मुलात नसतो. मूल, घर, शाळा, शेजार यांची घडी विस्कटलेली असते आणि ती सगळीच सारखी करावी लागते. त्यानं आपली बारा तत्त्वं मांडली, त्यातलं एक मुलाला दररोज थोडा आनंद मिळाला पाहिजे असं आहे. उपचारांच्या यादीत आनंद! मी सुनेला विचारलं, त्या चावणाऱ्या मुलाचा आजचा आनंद काय होता? ती क्षणात म्हणाली, “पॅनकेक उलटवला त्यानं. हवेत. झेलला.”

मला आपली कोसबाडची टेकडी आठवत राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिलं की वारल्यांची मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर त्यांनी शाळाच कुरणावर नेली. कुरणशाळा. मूल शाळेत मावत नाही म्हटल्यावर त्या दोघींनी मुलाला कापलं नाही, शाळा बदलली. डहाणूच्या जंगलात हे झालं होतं, आपल्या भाषेत झालं होतं, आम्ही ते बी.एड.ला पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं!

काल रात्री मला झोप लागेना. इथं साडेबारा वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे अकरा, तिसरा तास. माझ्या जुन्या शाळेत आता मुख्याध्यापिका आहे ती माझ्याच हाताखाली नोकरीला लागलेली. तिला फोन लावला. ती घाबरली, “बाई, सगळं ठीक ना?” म्हटलं, “सगळं ठीक आहे गं. मला एक सांग. या क्षणी तुझ्या शाळेत वर्गाबाहेर कोण उभं आहे?”

“वर्गाबाहेर?” ती म्हणाली. “का हो बाई?”

“सांग तर.”

ती जरा वेळ गप्प राहिली. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, ऑफिसचं दार उघडल्याचा, आणि एकदम व्हरांड्याचा तो ओळखीचा घुमणारा आवाज, कुठल्यातरी वर्गातून पाढे, लांबून पाण्याचा नळ. तिच्या चपला फरशीवर वाजत होत्या. “थांबा हं बाई,” ती चालता चालता म्हणाली, “आठवी ब च्या बाहेर एक जण दिसतोय.”

“त्याच्याशी लगेच बोलू नकोस,” मी म्हटलं. “जवळ जा, आणि शेजारी उभी राहा.”